माईंची निरगाठ

मित्रांनो, माळ्यावर गोधड्यांच्या खाली जे निळे काहीतरी दबलेले दिसते, ती मी. मी एक जुनी सॅक आहे. पाठीवर घ्यायची, डोंगरावर न्यायची, आतून अॅल्युमिनियमची चौकट असलेली. तक्रार घेऊन मी बोलायला बसलेली नाही. माळ्यावर बरे असते, धूळ असते पण धावपळ नसते. मला फक्त एकदा भर पावसात चिखलात टाकून दिले होते, त्याची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म १९८८ सालचा, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला. शिलाई मशीनची खडखड दिवसभर चालणारी ती गल्ली होती. मला विकत घ्यायला आले हेमचंद्र. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि मला बायकोसाठी घेत होते. दुकानाच्या सिंधी शेठने मला उलटसुलट करून दाखवले.

“साईं, लेबल कौनसा डालूँ? जपान, जर्मनी, जो बोलो.”

“लेबल नको. माल पक्का द्या.”

“सिलाई की गारंटी है. क्लिप की नहीं है. क्लिप मेरा नहीं, बाहर का है.”

हेमचंद्रांना वाटले, शेठ गंमत करतो आहे. ते हसले आणि मला घेऊन निघाले. शेठ अगदी खरे बोलला होता. लेबलही त्याने लावलेच, जर्मनीचे, त्यामुळे बराच काळ माझी मान उगीचच ताठ होती.

हेमचंद्रांची पत्नी मालिनी शाळेत भूगोल शिकवायची. चाळिशी ओलांडलेली. फळ्यावर हिमालय काढून काढून तिचा हात असा बसला होता की तिने तो डोळे मिटून काढला असता. पाहिला मात्र एकदाही नव्हता. अंबरनाथचे बाळदादा जूनमध्ये एक तुकडी हिमालयातल्या एका उंच खिंडीत नेणार होते. बाळदादा हे नावाचेच बाळ. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि आवाज असा की बोलले तरी ओरडल्यासारखे वाटे. मालिनीने त्यांच्याकडे नाव दिले आणि घरी येऊन नवऱ्याला विचारले.

“मला चालेल,” हेमचंद्र म्हणाले. “पण आईला विचार. मी मध्ये पडत नाही.”

आई म्हणजे माई, मालिनीच्या सासूबाई. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, सतत हाताला काम असलेल्या. मालिनीने विचारले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बघू.”

त्या घरात ‘बघू’ हा शब्द नकाराला फार जवळचा होता. आणि माईंनी तोंडाने ‘जा’ म्हटल्याशिवाय मालिनी जाणार नव्हती. माई काही खाष्ट सासू नव्हत्या, उलट लग्नानंतर सुनेला बी.एड. करायला लावणाऱ्या त्याच. अशा बाईचे मन मोडून निघायला मालिनीचा पाय उचलला नसता. तरी तिने तयारी सोडली नाही. रोज संध्याकाळी ती माझ्यात जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आणि वर तांदळाची पिशवी भरायची आणि इमारतीचे जिने चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. शेजारच्या कुमुदिनीबाई दार उघडून विचारायच्या, “मालिनीताई, घर बदलताय का?”

माईसुद्धा स्वस्थ बसल्या नाहीत. माझ्या खिशांत हळूच वस्तू येऊ लागल्या. आधी सुंठेची पुडी, मग मेतकूट, मग माकडटोपी, आणि एकदा तर चक्क लिंबाच्या लोणच्याची बरणी. बाळदादा रविवारी सगळ्यांच्या सॅका तपासायचे. बरणी बाहेर काढून त्यांनी ती सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, “ही बाई खिंडीत पंगत उठवणार आहे.” लोणचे तिथेच संपले. मालिनीही हसली, पण बरणी घासूनपुसून परत घरी आणली. कुठे काही टाकून येणे तिच्या स्वभावातच नव्हते.

अशातच क्लिप घसरू लागली. माझा कमरेचा पट्टा चालता चालता सुटे आणि सगळे ओझे खांद्यांवर येई. मालिनी नवी क्लिप आणायला निघाली तर माई म्हणाल्या, “प्लास्टिकचं काय खरं? थांब.” त्यांनी ट्रंकेतून आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ काढला, दुहेरी घडी घातली आणि मशीनवर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना शिवून टाकला. मग मला मालिनीच्या पाठीवर चढवले आणि तिच्या पोटावर स्वतः गाठ मारली. सुरगाठीवर माईंचा विश्वास नव्हता. त्यांच्या हातून गाठ पडे ती निरगाठच, मग ती पिठाच्या पिशवीची असो की वाळवणाच्या दोरीची.

“आता सुटून दाखव म्हणावं,” त्या म्हणाल्या आणि गाठ ओढून पाहिली. तेव्हापासून दर रविवारी निघताना गाठ त्याच मारत.

मालिनीचे डोळे भरून आले. ‘जा’ नाही, पण ‘जा’च्या बरेच जवळ आलेले काहीतरी तिच्या कमरेला बांधले गेले होते. मला म्हणाल तर ते लुगड्याचे ठिगळ आवडले नव्हते. जर्मनीच्या सॅकेला असले काठपदर शोभत नाहीत.

बाळदादांचा एक सराव मला त्याहूनही नावडता होता. उन्हाळ्यात हिमालयातल्या त्या उंचीवर दुपारनंतर आभाळ फुटते, विजा पडतात, म्हणून बदलापूरच्या मागच्या डोंगरावर ते अधूनमधून शिट्टी मारत. शिट्टी झाली की सॅक टाकायची, धारेवरून खाली खळग्यात पळायचे आणि पाय जुळवून उकिडवे बसायचे. “पाठीवर ओझं घेऊन कोणी पळू शकत नाही,” ते सांगत. “वर धातूची चौकट. सॅक गेली तर दुसरी मिळेल.” बाकीचे क्लिप दाबत आणि मोकळे होत. मालिनी गाठीशी झटत बसे.

“मालिनीताई, तुमची गाठ सुटेपर्यंत वीज घरी जाऊन जेवून येईल. काढा ती पट्टी.”

“माईंनी बांधलीय, बाळदादा.”

“मग माईंना आणा सोडायला!”

सगळे हसले. मालिनीने काही पट्टी काढली नाही. एकदा काढली असती तर माईंना कळले असते, आणि मग पुन्हा ‘बघू’पासून सुरुवात.

मेच्या शेवटच्या रविवारी अखेरची चढाई होती. त्या दिवशी बाळदादा कोणाला न्यायचे ते सांगणार होते. दुपारी आम्ही धारेवर होतो. वारा एकदम पडला. खाली अंबरनाथच्या कारखान्यांचा धूर सरळ उभा राहिला होता, तो बघता बघता आडवा झाला आणि धुळीचा लोट वर आला. मागोमाग माथेरानच्या बाजूने काळे आभाळ. वळीव येणार हे आम्हाला ठाऊक होते, इतका लवकर येईल असे वाटले नव्हते. शिट्टी झाली. या वेळी ती सरावाची नव्हती.

धपाधप सॅका पडल्या आणि माणसे उतरणीला लागली. मालिनी गाठीशी झटत उभी राहिली. टपोरे थेंब आले, मग धारच लागली. भिजलेला काठ आणखी आवळला. गाठ दगड झाली होती. बाळदादा अर्ध्या वाटेवरून मागे वळले.

“येऊ नका!” ती किंचाळली. “तुम्ही खाली व्हा, मी येते!”

समोरच्या डोंगरावर कडाडून वीज पडली. तेव्हा मालिनीने गाठ सोडायचा नाद सोडला. तिने खांद्यांतून हात काढले, चिखलात बसली आणि पट्टा दोन्ही हातांनी कमरेवरून खाली रेटू लागली. भूगोलाच्या बाई चिखलात लोळत, लाथा झाडत माझ्यातून बाहेर पडत होत्या. एक बूट निघून आला. तो तिथेच राहू दिला. तिने मला पायाने ढकलले आणि ती पळाली. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

गोष्टीत शोभले असते, पण वीज माझ्यावर पडली नाही. पुढची वीज पलीकडच्या वाळक्या झाडावर पडली. मी तासभर पाण्यात पडून राहिले. मला अपमान वाटला. मग खालून बाळदादांचा आवाज आला. ते माणसे मोजत होते, आणि मोजणी पुरी भरली. तेव्हा अपमान कमी झाला.

घरी पोचलो तेव्हा माई दारातच होत्या. मालिनीने मला एका खांद्यावर अडकवले होते. काठाचे कडे तसेच बांधलेले, समोर लोंबत होते.

“गाठ सुटेना, माई. मग खाली ढकलून कशीबशी निघाले.”

तिने तक्रार म्हणून सांगितले नव्हते. पण माईंनी ते कडे हातात घेतले आणि आत आपला हात घालून पाहिले.

“म्हणजे वीज पडत होती आणि मी तुला बांधून ठेवलं होतं.”

“तसं नाही हो, माई.”

“तसंच आहे. तू निघालीस की मला धास्ती वाटते. म्हणून आवळत बसले.” त्यांनी कात्री मागितली. चिंधीसुद्धा जपून ठेवणाऱ्या माईंनी आपल्या लुगड्याचा काठ कचकन कापला. “उद्या चांगली क्लिप आण. आणि जा. तिथं टाकायची वेळ आली तर सगळं टाक. सॅक टाक, खिंड टाक. तू तेवढी परत ये.”

बाळदादांनी तुकडीत तिचे नाव घेतले होतेच. गाठीसाठी नव्हे, बूट टाकल्याबद्दल, असे ते म्हणाले.

हिमालयाविषयी मी फारसे सांगू शकत नाही. मी पाठीवर होते, त्यामुळे सगळा वेळ मागेच पाहत होते. खिंडीच्या वाटेवर लागोपाठ दोन दिवस शिट्टी झाली आणि दोन्ही वेळा सगळ्यांत आधी मी जमिनीवर होते. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळे राहिले. मालिनी खिंडीत उभी राहून रडली, ते मला तिच्या पाठीवरून कळले.

आम्ही परतलो तेव्हा मालिनीने मला दाराशी ठेवले. माईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला आत नेले. माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. मी ओली, कुबट, आतल्या कपड्यांसकट दोन दिवस पॅसेजमध्ये पडून होते. माझ्या कापडावरचा बुरशीचा डाग तेव्हाचा आहे, अजून गेलेला नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, हे तर मीही सांगेन. सॅक वाळवून ठेवा, क्लिप तपासा, खिशात ओले मोजे विसरू नका. पण दारात कोणी परत आले असेल, तर आधी त्याला घरात घ्या. आमचे काय, आम्ही थांबू.