तिसऱ्या दिवसाचं रक्त

"आता न्हाय देनार!" वहाबने हात चादरीखाली ओढून घेतला. टाके ताणले गेले तसा तो कण्हला, पण बोलायचा थांबला नाही. "पोट फाडलात, काय बोललो? त्याच्या आधी रक्त घेतलात, संध्याकाळी परत घेतलात. आज तिसऱ्या दिवशी आनि कशाला? माज्या अंगात विहीर हाय का?"

उशाशी बसलेली त्याची बायको तैयबा हसली. वॉर्डबॉय धर्माजीच्या मात्र काळजात धस्स झालं.

"राहू दे रे," डॉक्टर धर्माजीला म्हणाले. "नाही म्हणतोय तर नाही. तसाही रक्ताच्या या तपासणीतला हा आपला शेवटचा पेशंट. एवढ्यांवर माझं काम भागेल." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

एकोणीसशे सत्तावन्न साली रेवसजवळच्या त्या लहानशा इस्पितळात डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला होता. आतड्याचं ऑपरेशन झालं की सगळ्या शरीराला हादरा बसतो. रक्तातल्या काही पेशी तेव्हा जवळजवळ नाहीशा होतात आणि माणूस सावरला की परत दिसू लागतात. त्या मोजल्या की हादरा किती आणि ओसरला कधी, ते कळतं. मोजणारा माणूस मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. बाटली बर्फात घालून लाँचने तिकडे पोचवायची कामगिरी धर्माजीची.

आणि त्याच मोठ्या इस्पितळाच्या भटारखान्यात धर्माजीची लेक केसर कामाला होती.

केसरने परजातीच्या गिरणीकामगाराशी लग्न लावलं, तेव्हा भर आळीत धर्माजी ओरडला होता, "मेलीस तू मला! तुजं तोंड बघाया येनार न्हाय!" गडी शब्दाचा पक्का. वर्षानुवर्षं झुरला, पण गेला नाही. मग पहिली बाटली घेऊन गेला, तर ही समोर उभी, हातात भाताचं पातेलं. तेव्हापासून त्याची सोय झाली. भेटायला कोण जातंय? तो तर रक्त द्यायला जातो! गावात कुणाचं आतडं अडकलं की याला आतून आनंद व्हायचा, आणि लगेच स्वतःची शरम वाटायची. देवा, काय माणूस आहे मी! पण शरमेने ओढ कमी होते का कुठे?

डॉक्टर दूर गेलेले पाहून तो वहाबच्या खाटेशी उकिडवा बसला.

"वहाबभाई, एक डाव दे."

"तुजं काय जातंय त्यात?"

धर्माजीने थोडे आढेवेढे घेतले आणि मग सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे माज्या रक्ताच्या नावावर लेकीला भेटतोस?"

"व्हय."

"या अल्ला! लय लबाड हायेस." वहाबने चादर बाजूला सारून हात पुढे केला. "जा, बोलाव डॉक्टरला. पन याच्याफुडं कुनाचं नेशील?"

"गप ऱ्हावा वो तुमी," तैयबा म्हणाली. धर्माजी डॉक्टरांना बोलवायला पळाला.

मुंबईत बाटली देऊन तो भटारखान्यामागच्या बाकावर जाऊन बसला. केसर पदराला हात पुसत आली. तिने त्याच्यापुढे भाताची ताटली ठेवली.

"वाळलीस," तो म्हणाला. दर वेळी हेच म्हणायचा.

"तुमीच वाळलाव." ती शेजारी बसली. "बाबा, फुडच्या येळेला पोराला घेऊन येते. चालाय लागलाय. धडपडतो, परत उठतो. आजा कुठं हाय म्हटलं का दाराकडं बोट करतो."

धर्माजीचा घास तोंडातच फिरू लागला. नातवाला त्याने अजून पाहिलं नव्हतं. पुढची वेळ आता येणार नाही, हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो लोटाभर पाणी प्यायला.

"बुधवारी आन," तो म्हणाला.

"बुधवारी? कुनाचं आपरेशन हाय?"

"कुनाचंबी न्हाय."

केसर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. धर्माजी खाली मान घालून भात कालवत राहिला.