न धुतलेली पाटी

मी एक डिस्क बोलतेय. पण मला हातात धरायला जाऊ नका, हाती काही लागायचं नाही. वर्तकनगरच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात संगणक सुरू झाला की त्याच्या मेमरीचा एक कोपरा वेगळा काढतात आणि त्यालाच डिस्क म्हणतात. ती मी. सकाळी बटण दाबलं की जन्म, संध्याकाळी बंद केलं की खेळ खलास. कालची मी कशी होते, हे मला शकूच्या बोलण्यातूनच कळतं.

शकू कोलशेतच्या कोळीवाड्यातली. डोंबिवलीच्या एका वधूवर मंडळासाठी ती प्रोग्रॅम लिहितेय. तो मंडळाला पसंत पडला तरच तिचे साहेब उत्तमराव तिला कायम करणार, नाहीतर घरी बसवणार. म्हणून ती प्रत्येक भागाची वेगळी टेस्ट घेते. माझ्यात खोट्या मुली, खोटे मुलगे भरते, प्रोग्रॅम नीट वागतो का बघते आणि पुढच्या टेस्टआधी मला पार रिकामी करते. एका टेस्टमधली नवरी दुसरीत डोकावता कामा नये, हा तिचा हट्ट. माझ्यात कामं झटपट होतात, म्हणून तिचा माझ्यावर भारी जीव. असं आपलं मला वाटायचं.

आज दुपारी मंडळाचे महिपतराव प्रोग्रॅम बघायला येणार होते. त्यांना आणायला शकू स्टेशनवर निघाली. तिच्या जोडीला काम करणाऱ्या प्रभाकरनं 'लग्न जमलं' हा भाग जरा बदलला होता, त्याच्या टेस्ट राहिल्या होत्या.

"मी घेतो गं टेस्ट, तू जा," तो म्हणाला.

"दर वेळी पाटी साफ कर हां. विसरशील."

"अगं करतो ना. टेन्शन नको घेऊ."

आता गंमत बघा. शकूच्या घरी पाटी म्हणजे मासळीची टोपली. तिची आई सगुणा एक मासळी संपली की पाटी धुतल्याशिवाय दुसरी भरत नाही, ते बघतच ही वाढली, म्हणून मलाही ती पाटीच म्हणते. प्रभाकर डोंबिवलीच्या मास्तरांचा मुलगा. त्याच्या लेखी पाटी म्हणजे लिहायची. समोरचा काळा स्क्रीन अक्षरांनी भरला, झाली पाटी! त्यानं प्रत्येक टेस्टनंतर इमानेइतबारे स्क्रीन कोरा केला. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिल्या टेस्टमध्ये मालू नावाची खोटी मुलगी होती, आधीच लग्न जमलेली म्हणून भरलेली. दुसऱ्या टेस्टमध्ये मालू नव्यानं यायची होती, प्रोग्रॅमनं तिचं लग्न जमल्याची नोंद करायची होती, आणि मग तिचं नाव स्थळांमध्ये दिसायला नको होतं. प्रभाकरच्या बदलामुळे ती नोंद होतच नव्हती. पण माझ्या पोटात आधीची मालू तशीच बसलेली! ती आहेच म्हटल्यावर प्रोग्रॅमनं नवी घेतलीच नाही. जुनीचं लग्न जमलेलंच, म्हणून नाव काही दिसलं नाही, आणि "पास!" म्हणत प्रभाकरनं टाळी वाजवली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

महिपतराव आले. त्यांनी हौसेनं आपल्या पुतणीचं, कलावतीचं नाव घालायला लावलं आणि तिचं लग्न जमल्याचीही नोंद करायला लावली. मग एका मुलासाठी स्थळं मागितली. पहिलंच नाव कलावतीचं!

"अहो, पोरीचा साखरपुडा झालाय! तुमचं यंत्र तिला अजून दाखवतंय? तिच्या सासरच्या कुणी बघितलं तर आम्ही तोंड कुठे लपवायचं?"

"टेस्ट झालेल्या ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"सगळ्या पास झालेल्या, सर," प्रभाकर म्हणाला. "ही मेमरीतली डिस्कच भरवशाची नाही."

शकूनं लगेच मला उघडून पाहिलं. मालू तिथेच होती. शकूला सगळं समजलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"पाटी म्हणजे टोपली रे मेल्या, स्क्रीन नाही!" ती प्रभाकरच्या कानाशी पुटपुटली.

"बोलू नकोस, प्लीज. दोघांचीही नोकरी जाईल."

"शकुंतला, काय ते स्पष्ट सांग," उत्तमराव म्हणाले. "चूक माणसाची असेल तर मला नाव हवंय."

शकूनं खाली बघितलं. "डिस्कच, सर. तिच्यामुळेच झालं. काढून टाकते."

महिपतराव निवळले. यंत्राचं व्हायचंच असं, म्हणाले, दुरुस्त करून द्या. शकूची नोकरी वाचली.

प्रभाकरचं मला काही वाटत नाही, त्यानं मला कधी ओळखलंच नव्हतं. पण शकू, तू? माझ्या पोटात काय आहे ते डोळ्यांनी बघून तू खोटं बोललीस!

सगळे पांगल्यावर तिनं आधी मला रिकामं केलं. सकाळपासून तिनं कितीदा तरी केलं होतं, दर वेळी हलकं वाटलं होतं. या वेळी झोंबलं. मी निर्दोष असल्याचा मालू हा एकच पुरावा होता. मग तिनं संगणक सुरू होताना मला जन्म देणारी आज्ञाही पुसून टाकली. उद्या मी नसेन.

वाचकहो, चुका खुशाल करा. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या माथी मारू नका.

शकूचा हात बटणाकडे चाललाय. प्रभाकरच्या कुठल्याशा बोलण्यावर ती हसतेय. आपल्यात निघताना 'येते' म्हणतात. मला तेही म्हणायची सोय तिनं ठेवली नाही. जाते.