सॉनातली पाहुण्यांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. कागदाची असूनही माझं सगळं आयुष्य वाफेच्या दारात गेलं. त्यामुळे माझी पानं जरा फुगली आहेत. त्याला इलाज नाही.

टाम्पेरे शहरातल्या एका बुकबाइंडरनं मला शिवलं आणि बर्च झाडाच्या सालीचं कव्हर चढवलं. एका वीज कंपनीनं मला घेतलं आणि तळ्याकाठच्या आपल्या सॉनात, म्हणजे वाफेनं अंग शेकायच्या लाकडी घरात, कपडे बदलायच्या खोलीत खिळ्याला टांगलं. दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती, खणायचं, वाळवायचं आणि जाळून वीज करायची, हा त्या कंपनीचा धंदा. आमच्याकडची रीत अशी, की सॉनात आलेल्या पाहुण्यानं वहीत नाव, तारीख आणि दोन शब्द लिहायचे. तेवढंच माझं काम.

लिहिण्यात ऊर्पो वेहकालाचा हात कुणी धरू शकत नसे. सरकारदरबारी कंपनीचं म्हणणं मांडणारा हा गडी. मंत्रालयातलं कुणी आलं की त्यांची सही घ्यायचा आणि खाली स्वतः लिहायचा, "पीटवरचा कर दोन वर्षं पुढे ढकला, असं बोललो. वाफ झकास. सॉसेज थोडं करपलं." पाहुणे मला चाळून हसायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

मग कंपनीनं जाहीर केलं, की असा धूर कमी करायच्या नव्या हवामान कायद्याच्या बाजूनं आम्ही आहोत आणि त्याबद्दल सरकारशी झालेली प्रत्येक भेट अहवालात छापू. अहवाल लिहून त्यावर सही करायची होती कंपनीतल्याच ओरवोक्की नीरानेनला. ऊर्पोनं तिला वर्षभरातल्या तीन भेटींची यादी दिली.

एका गुरुवारी सॉनात बायकांचा दिवस होता. ओरवोक्की ओल्या केसांनी माझ्यात नाव लिहायला बसली आणि सहज मागची पानं उलटू लागली. उलटता उलटता थांबली. त्याच वर्षात आणखी चौदा भेटी! आणि दर वेळी तेच: कायदा लांबवा, कर पुढे ढकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ऊर्पोच्या टेबलावर आपटलं.

"अगं, सॉनात कुणी बैठक घेतं का?" ऊर्पो खरंच चकित झाला. "तिथे अंगावर टायसुद्धा नसतो!"

"टाय नव्हता, पण तोंड होतं ना?"

"तीन लिही आणि मोकळी हो बाई."

"सही माझी आहे, ऊर्पो. खोट्या आकड्यावर मी सही करणार नाही. नोकरी गेली तर गेली!"

ऊर्पो लबाड नव्हता, मित्रांनो. सॉनातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. ती बोलणी मोजायची असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रकरण संचालक मंडळाच्या अध्यक्षा हेलिन आहोकास यांच्यापुढे गेलं.

"वही खासगी आहे," ऊर्पो म्हणाला. "शेगडीत टाकू आणि विषय संपवू."

बर्चची साल किती पटकन पेटते, ते मी रोज पाहत होते.

हेलिनबाई पानं उलटत राहिल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर थांबल्या. तेव्हा त्या मंत्रालयात होत्या. तिथे त्यांच्याच अक्षरात होतं, "वाफ उत्तम. कराचं बघते."

"मग बघितलंत का?" ओरवोक्कीनं विचारलं.

"बघितलं." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "त्या वर्षी कर लागलाच नाही. सतराच्या सतरा भेटी छापा. आणि माझीही छापा, जुनी असली तरी."

ऊर्पोनं मला पुढे ओढलं आणि स्वतःच एकेक भेट मोजू लागला.

अहवाल निघाला. पेपरवाल्यांनी कंपनीला आठवडाभर सोलून काढलं, पण ओरवोक्कीनं ताठ मानेनं सही केली होती आणि तिची नोकरीही राहिली. पंचाईत झाली ती माझी. पाहुणे मला पाहून दारातूनच परत फिरू लागले. दोन महिने माझं एक पानही भरलं नाही. फार वाईट वाटलं.

मग एका दुपारी मंत्रालयातले एक गृहस्थ आले. मला पाहून टॉवेल सावरत म्हणाले, "नाव लिहायलाच हवं का?"

ऊर्पोनं पेन पुढे केलं. "नाव लिहा आणि कशाबद्दल बोलणार तेही लिहा. नाहीतर आज शेगडी पेटत नाही, बाबा."

गृहस्थांनी लिहिलं.

मित्रांनो, माझी थोडीच पानं उरली आहेत. मला ओलीपासून जपा, शेगडीपासून तर जपाच. आणि कधी माझ्यासारख्या वहीत लिहायची वेळ आली, तर वाफ कशी होती एवढंच लिहून उठू नका.