दगड तिथं जागा

आमच्या जुन्या जालन्यातल्या कमान बाजारात बसायच्या जागेला पावती नव्हती, दगड होता. भाजीवाल्या बायका कुंडलिकेच्या पात्रातून आपापला दगड उचलून आणत आणि संध्याकाळी तो जागेवर ठेवून घरी जात. दुसऱ्या दिवशी जिचा दगड, तिची जागा. भांडण झालंच तर निकाल द्यायला बाजार कमिटीचा मुन्शी, म्हणजे मी. वीस वर्षांत मी एकच निकाल दिला: दगड तिथं जागा. या निकालाला डोकं लागत नाही, म्हणून मला तो फार आवडायचा.

सगळ्यात गार सावली तिसऱ्या कमानीखाली. तिथं झुंबरबाई बसायची, तिच्याआधी तिची सासू. सासूनं विळा घासून घासून त्या दगडाला खाच पाडली होती. झुंबरबाईची साठी उलटलेली, उन्हात बसली की चक्कर यायची. सावली गेली तर तिचा धंदाच गेला, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

शहात्तरच्या मार्चात पत्र आलं: औरंगाबादहून मोठे साहेब आमचा ऐतिहासिक बाजार बघायला येणार. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या अंगातच आलं.

"मुन्शी, कमानीखाली काडी दिसली न्हाई पायजे. अन् हे धोंडे जल्दी उचला. साहेब काय म्हणतील, हा बाजार हाय का नदी?"

दगड उचलता येत नाहीत, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जी." वर अक्कल पाजळली, की फेकण्यापेक्षा चुना-गेरू देऊन ते ऑफिसच्या वाटेला दोन्हीकडून लावू. अण्णासाहेबांनी माझी पाठ थोपटली आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. बाजार उठल्यावर हमालांनी दगड हलवले.

सकाळी बायका आल्या, तर कमानी धुतलेल्या आणि रिकाम्या. झुंबरबाई वाटेवरचा एकेक दगड चाचपत आली. चुन्याखालची खाच तिच्या बोटाला लागली ती थेट माझ्या ऑफिसच्या दारात, पायरीला लागून.

"मुन्शीजी, मही जागा हितं आली का?"

"साहेब जाईस्तोवर बसा कुठंबी. मंग बघू."

"कुठंबी कसं? दगड तिथं जागा. तुम्हीच म्हणत आल्ते ना?"

ती दगडामागं बसली. मग आपापला दगड ओळखत वाटेच्या दोन्ही बाजूंनी सगळ्याच बसल्या.

साहेब आले. कमानीखाली चिटपाखरू नाही. अण्णासाहेबांना घाम फुटला. तेवढ्यात साहेबांची नजर वाटेकडे गेली.

"वा! म्हणजे बाजार इथं भरतो आणि वास्तू इतकी स्वच्छ ठेवता तुम्ही! हे असंच कायम राहू द्या."

मेथीची जुडी हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि गेले. आठवड्याच्या आत कमानींना जाळी लागली, जाळीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आली.

एप्रिल लागला. झुंबरबाई डोक्यावर ओला पदर घेऊन माझ्या दारात बसायची. मी पाणी द्यायचो, तेवढंच. एक दिवस ती भोवळ येऊन टोपलीवर कलंडली. सावध झाल्यावर म्हणाली, "किल्ली तुमच्याकडंच हाय ना, मुन्शीजी?"

"हाय. पण हुकूम न्हाई."

बोलताना मला माझीच लाज वाटली. म्हणून मी किल्ली बाहेर काढली असं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आलो, तर पायरीशी दगड नव्हता. तो आत होता. माझ्या टेबलाला लागून, बराबर पंख्याखाली. मागं टोपली आणि झुंबरबाई. दोन गिऱ्हाइकं मेथी पारखत होती.

"झुंबरबाई, हे ऑफिस हाय."

तिनं दगडावर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. गिऱ्हाइकंही माझ्याकडं पाहू लागली, निकाल ऐकायला.

मी खुर्ची उचलली आणि भिंतीशी, वारा लागत नाही तिथं नेऊन ठेवली.