वरचं तोंड चोरासाठी

माझी बायको यशोदा तारकर्लीची. तिचे वडील गरीने, म्हणजे गळाने, मासे पकडणारे, त्यामुळे दोरीला गऱ्या बांधता बांधताच ती मोठी झाली. १९५८ साली मला परदेशी जाणाऱ्या जहाजावर खलाशाचं काम लागलं, तेव्हा गावात ज्याने कधी मालवणची खाडी ओलांडली नव्हती त्यानेही मला चोरांपासून सांभाळून राहायचं शहाणपण शिकवलं. यशोदेने मात्र माझा कोट आणि सुईदोरा उचलला.

भीती होती ती पुस्तकाची. खलाशाचं एक सरकारी पुस्तक असतं. त्यात त्याचा फोटो आणि प्रत्येक सफरीची नोंद. ते हरवलं की पुढचं जहाज मिळणं मुश्कील. आमच्या शेजारच्या महादूचं पुस्तक असंच एका परक्या बंदरात खिशातून गेलं. चोराला ते पाकीट वाटलं असणार. तेव्हापासून महादू घरी बसून फाटकी जाळी सांधत होता, आणि यशोदेला तो रोज दारातून दिसत होता.

तिने कोटाच्या आतल्या खिशाच्या तोंडाशी बारा गऱ्या शिवल्या, टोकं खाली वळवून. हात आत जाताना अलगद जायचा आणि बाहेर येताना अडकायचा. पुस्तक काढायचं ते अस्तराच्या खालून, बटण सोडून.

"वरचां तोंड चोरासाठी," ती म्हणाली, "तुमका खालचां."

मी कपाळाला हात लावला. पण तिच्यापुढे माझं काय चालणार? घातला कोट.

जहाजावर पहिल्याच दिवशी सारंगाने, म्हणजे आमच्या खलाशांच्या मुकादमाने, सगळ्यांना पुस्तकं दाखवायला सांगितली. माझा हात सवयीने गेला तो वरून. झालं! चाळीस माणसांसमोर मी स्वतःच्याच खिशात अडकून उभा. माझा गाववाला सत्यवान हसला, सगळे हसले, आणि सारंग तर हसून हसून दोराच्या वेटोळ्यावर बसला. त्या दिवसापासून माझं नाव 'बांगडो' पडलं. मी यशोदेवर इतका चिडलो होतो की त्या गऱ्या तेव्हाच उसवून समुद्रात फेकल्या असत्या. पण महादू डोळ्यांसमोर आला आणि सुरी ठेवून दिली.

दोन महिन्यांनी जहाज जिनोआला लागलं. सत्यवान आणि मी बाजारात फिरत होतो. गर्दीत एक टापटीप कपड्यांतला माणूस मला धडकला, दिलगिरीने हसला, माझी कॉलरही सरळ केली त्याने. मग मात्र तो जाईचना. छातीला छाती लावून आम्ही दोघं उभे, जसे काही वर्षांनी भेटलेले भाऊ. त्याचा चेहरा पांढरा पडला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सत्यवानाने मूठ उगारली. मी त्याला थांबवलं. त्या खिशात अडकून उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक होतं. आधी खालचं बटण सोडून पुस्तक काढलं आणि सत्यवानाकडे दिलं. मग त्या माणसाचा हात खिशात आणखी आत ढकलून एकेक गरी सोडवली. शेवटची त्याच्या बाहीत रुतली होती. तो दोरा तोडून तिच्यासकट पळाला.

मला हसू आलं, आणि लगेच डोळेही भरले. जी बाई कधी फोंडाघाटाच्या वर गेली नाही, तिने घरबसल्या जिनोआचा चोर धरला होता. अशी बायको माझी आहे, हे मला त्या भर बाजारात ओरडून सांगावंसं वाटलं.

वर्षाने घरी आलो. यशोदेने आधी कोट उलटा करून गऱ्या मोजल्या.

"बारा होत्यो. एक खंय?"

मी सगळं सांगितलं. मग ट्रंक उघडून सात कोट तिच्यापुढे ठेवले. हे कोणाचे, तिने विचारलं.

"माका हसलले तेंचे. वरचो सारंगाचो."

तिने कोट नीट रचले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि ह्या खिशाची लाज कोणाक वाटलली?"

मी खोटं बोललो नाही. "माका."

तिने माझा कोट उचलला आणि ढिगाच्या अगदी तळाशी ठेवला. गऱ्या शिवून घ्यायच्या रांगेत मला हसलेल्या सातांच्याही मागे आठवा नंबर लागला माझा, आणि त्या नंबराचा मला आजही अभिमान आहे.