दोन सह्या, एकच पक्ष

आमच्या टार्विन काउंटीत जेलर, म्हणजे तुरुंगाचा प्रमुख, मतांवर निवडून येतो. केंटकीत बाकी काही एकसारखं असो नसो, जेलरसाठी भांडणं सगळीकडे सारखी. माझी आई, रोंडा स्लोन, तिथल्या तुरुंगात अकरा वर्षं कामाला आहे. आधी स्वयंपाकघरात होती, मग पहाऱ्यावर आली. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस कामावरून आली, बूट काढले आणि म्हणाली, "कैदी मी ओळखते, कुलपं मी ओळखते, खुर्चीत मात्र बसतो तो जेलर. या खेपेला मीच उभी राहते."

मेमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक; त्या पक्षात नोंद असेल त्यालाच मत. सिनेटरपासून जेलरपर्यंत सगळ्यांची एकाच दिवशी. टीव्हीवर सिनेटरवाले दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत असतात, पण आमच्या खोऱ्यात लोक बोलतात ते जेलरबद्दलच. आणि आमच्याकडे रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी जिंकलात की जिंकलातच. नोव्हेंबरात समोर उभं राहायला कुणी उरत नाही.

आईने ख्रिसमसनंतर लगेच अर्ज भरला. अर्जावर उमेदवाराच्याच पक्षाच्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. एक सही तिच्या तुरुंगातल्या मैत्रिणीने केली. दुसरी माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ख्रिसमसच्या जेवणाला सगळ्या पाहुण्यांसमोर केली. परगावहून आलेल्या मामाने टाळ्या वाजवल्या. आजोबा तेवढे हसले नाहीत, पण ते तसे फोटोतसुद्धा हसत नाहीत.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, जर जानेवारीतल्या त्या शुक्रवारी बर्फामुळे शाळा बंद राहिली नसती. म्हणजे मला तरी तसं पहिली दहा मिनिटं वाटलं. नंतर वाटलं, बरं झालं बंद राहिली!

अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता, दुपारी चारपर्यंत. त्याच्याशी आमचा काही संबंध नव्हता, आमचा भरून झाला होता. मी स्वयंपाकघरात बसून नागरिकशास्त्राचा गृहपाठ करत होते: राज्याच्या संकेतस्थळावर जाऊन आपली मतदार नोंदणी तपासा. मला एप्रिलमध्ये अठरावं पूर्ण होतंय, शाळेत ऑक्टोबरातच नोंदणी झाली. पक्षाच्या रकान्यात मी 'कोणताही नाही' वर खूण केली होती, कारण मला कुणी गृहीत धरलेलं आवडत नाही. ते तपासून झालं. मग गंमत म्हणून आजोबांचं नाव आणि जन्मतारीख टाकली.

व्हर्लिन कॉडिल. पक्ष: डेमोक्रॅट.

मी दोनदा वाचलं. आजोबा समोरच बसून मक्याची पोळी राजम्यात कुस्करत होते.

"आजोबा, तुम्ही डेमोक्रॅट आहात?"

"कोण म्हणतं?"

"केंटकी राज्य म्हणतं."

"राज्याला काय कळतंय डोंबल."

पण त्यांनी चमचा खाली ठेवला. आमचे आजोबा म्हणजे बातम्या लागल्या की डेमोक्रॅटांच्या नावाने बोटं मोडणारे. कुत्रा बुटात मुतला तरी दोष त्यांचाच.

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सगळे तेच होते," ते हळू आवाजात म्हणाले. "शेरीफ तोच, जेलर तोच, रस्त्यावर खडी टाकणाराही तोच. त्यांच्या प्रायमरीत मत नसेल तर तुला विचारतो कोण? म्हणून नोंदवलं."

"मग नंतर सगळ्यांनी बदललं, तुम्ही का नाही बदललं?"

"बदलायला कचेरीत जावं लागतं. खिडकीशी ओळखीचंच माणूस बसतं. एवढी वर्षं तोंड वाजवलं आणि आता तिथे जाऊन सांगू, की बाई गं, मीच तो?"

"म्हणून दर मेमध्ये मतदानाच्या दिवशी तुमची पाठ धरते!"

आजोबा सांडलेले पोळीचे तुकडे बोटाने गोळा करू लागले.

"आणि नोव्हेंबरात बरी होते, कारण तेव्हा कुणी पक्ष विचारत नाही!"

"तू वकील हो," ते म्हणाले. "फार छळशील लोकांना."

हसू येत होतं, पण पुढच्याच क्षणी लक्षात आलं. आईच्या अर्जावर यांची सही. दुसऱ्या उमेदवाराने तो कागद कोर्टात नेला की आईचं नाव मतपत्रिकेवरून उडालंच. चारनंतर दुरुस्तीला वावच नव्हता. घड्याळात सव्वा वाजला होता.

मी तुरुंगात फोन लावला. आईला बोलवायला पाच मिनिटं गेली. मी एका दमात सगळं सांगितलं.

"तू सही कर मग," आई म्हणाली.

"मी कुठल्याच पक्षात नाही, आई."

पलीकडे लोखंडी दार आपटल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "म्हणजे या घरात रिपब्लिकन मी एकटी?"

"हो."

"देवा रे. इथलं दुसरं कुणी सही करणार नाही, साहेबाविरुद्ध जायचं म्हणजे नोकरी गेली. माझ्या खणात कोरा अर्ज आहे. तो घे आणि ओढ्यापलीकडे आर्व्हिलाबाईंकडे जा. मी साडेतीनला कोर्टहाउसमधल्या निवडणूक कचेरीत येते. आणि टेसा, बाबांना बरोबर घेऊन जा. त्यांचं तोंड त्यांनाच उघडू दे."

आजोबांच्या पिकअपच्या चाकांना साखळ्या होत्याच. ते म्हणाले मी चालवतो, मी म्हटलं तुम्ही कागद धरा. मला परवाना मिळून चार महिने झालेत आणि वळणावर मी एकदाही घसरले नाही. अर्धं घसरणं मी मोजत नाही.

आर्व्हिला फ्युगेट या सत्त्याहत्तर वर्षांच्या. त्यांच्या घरात उत्तर-दक्षिण यादवी युद्धापासून सगळे रिपब्लिकन. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि खिडकीतून पिकअपकडे बघितलं.

"तो का बसलाय तिथे?"

"त्यांना लाज वाटतेय, बाई."

"कसली?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, मला सांगता आलं असतं, छान सांगता आलं असतं. पण मी बाहेर जाऊन आजोबांच्या काचेवर टकटक केली.

ते आत आले, टोपी काढली, पायपुसण्यावरच उभे राहिले.

"आर्व्हिला, रोंडाच्या कागदावर मी सही केली होती. ती चालणार नाही."

"का रे बाबा?"

"पक्ष जुळत नाही."

"कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे तू कोण?"

आजोबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "डेमोक्रॅट," ते म्हणाले.

आर्व्हिलाबाई हसत सुटल्या ते खुर्चीत बसेपर्यंत. "व्हर्लिन, चौऱ्याहत्तर साली त्या कचेरीत टंकलेखनाला कोण होतं?"

आजोबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि परत काढली.

"तुझा कागद मीच टाइप केलाय. तू चर्चच्या पायरीवर बसून त्यांना शिव्या घालायचास तेव्हा मी आत भजनाचं पुस्तक तोंडावर धरायचे."

"मग बोललीस का नाहीस कधी?"

"मतदाराचा कागद होता. त्याबद्दल बोलायचं नसतं." त्यांनी चष्मा चढवला, माझ्या हातातला अर्ज घेतला आणि वरपासून खालपर्यंत, बारीक अक्षरांसकट, वाचला. "हे बघ पोरी, आत्ताचा जेलर आमच्या चर्चचा आहे. त्याला मी शब्द दिलाय. सही देते, मत देत नाही."

"चालेल," मी म्हटलं. "मतासाठी एप्रिलमध्ये परत येईन."

"ये. पण येताना एकटी ये, हा माझी लादी ओली करतो."

कोर्टहाउसला पोचलो तेव्हा तीन पस्तीस झाले होते. आई गणवेशातच आली होती, धाप लागलेली, सोबत पहिली सही करणारी मैत्रीण. तुरुंग मागच्याच इमारतीत असला तरी पायऱ्यांवर बर्फ होता. आईने पहिला अर्ज मागे घेतला, नव्यावर मैत्रिणीने पुन्हा सही केली, मग आईने शपथ घेऊन आपली केली. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही नावं संगणकावर तपासली. "दोघी रिपब्लिकन," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. तीन शेहेचाळीस. भिंतीवरच्या यादीत जेलरखाली तीन नावं होती. आईचं तिसरं.

मग आजोबा पुढे झाले. मागे रांगेत चार जण होते, त्यातले दोघं त्यांच्याबरोबर कॉफी पिणारे.

"मला पक्ष बदलायचाय," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

"बदलता येईल," बाई म्हणाल्या, "पण मेसाठी उशीर झाला. एकतीस डिसेंबरची मुदत होती. प्रायमरीत तुम्हाला जुन्याच पक्षाची मतपत्रिका मिळेल."

"त्यावर रोंडाचं नाव?"

"नाही."

मी विचारलं, "आणि माझं? मी 'कोणताही नाही' लिहिलंय."

"तुझंही तेच. पक्ष नाही, तर मेमध्ये पक्षाची मतपत्रिका नाही."

एवढी ऐटीत केलेली ती खूण! माझं आयुष्यातलं पहिलं मत आणि ते आईला देता येणार नाही. मी आईकडे बघितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"घरातून एक मत," ती म्हणाली. "माझं."

"मी बदलू का तरी? पुढच्या वेळेसाठी?"

"माझ्यासाठी बदलू नकोस. तुला पटेल तेव्हा बदल." तिने माझ्या जॅकेटची चेन वर ओढली, मी सहा वर्षांची असल्यासारखी. "मत नाही तर पाय दे. उद्यापासून दारोदार. तू आणि बाबा."

"दोघं?"

"दोघं. त्यांना गप्प बसवायचं काम तुझं." मग ती पळाली. साडेचारला कैद्यांचं जेवण असतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे व्हर्लिन, तू आमच्यातला निघालास की!" आजोबांनी मान वर केली नाही. ते पक्ष बदलायच्या अर्जावर मोठ्या अक्षरात, सावकाश, आपलं नाव लिहीत होते.

"टेसा," त्यांनी विचारलं, "इथे तारीख कुठली घालू?"

"आजची, आजोबा."