सम्हासाठी आणलेला बायपॉड

मित्रांनो, मला पाय दोन आहेत आणि डोकं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा राहणार नाही. मी शिकारी रायफलीचा एक जुना बायपॉड आहे. रायफल जड असते आणि माणसाचा हात हलतो, म्हणून नळीखाली पुढच्या बाजूला मला स्क्रूने बसवतात. माझे पाय जमिनीवर टेकले की नेम स्थिर राहतो. निदान राहायला हवा.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला सिमेंटच्या ओट्यावर उभं करून तपासलं. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहून समाधानाने मान हलवली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. दुसरं अजून व्हायचं आहे.

१९९५ साली मी खोक्यातून दुबईला आलो. रास अल खोरला चाऱ्याच्या वखारी आणि ट्रकची गॅरेजं यांच्या मधोमध शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाचं एक दुकान होतं. तिथल्या काचेच्या कपाटात मी दोन वर्षं उभा होतो. शेजारी ससाण्यांना घालायच्या चामड्याच्या टोप्या मांडलेल्या असत. ससाण्याला काही दिसू नये, तो शांत राहावा, म्हणून ती टोपी. मला टोपी नव्हती. मला सगळं दिसत होतं, आणि दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

दुकानात चारुदत्त नावाचा तरुण विक्रेता होता. अलिबागचा, बी.कॉम. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाशिवाय त्याने आयुष्यात काही उडवलं नव्हतं. पण रायफलीच्या सामानाबद्दल तो इतक्या खात्रीने बोलायचा की ऐकताना मलासुद्धा स्वतःचा अभिमान वाटायचा.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात एका मंगळवारी भर दुपारी कमरुद्दीन आत आला. हा श्रीवर्धनचा. वाळवंटातल्या एका उंटांच्या गोठ्यावर ड्रायव्हर होता. म्हणजे ड्रायव्हर, स्वयंपाकी, पंपवाला, जे पडेल ते. शर्टावर उंटाची लाळ वाळून कडक झाली होती.

"चारू, बंदूक टेकवायला काय आहे ते दाखव. असरच्या नमाजाआधी परत पोचायचंय."

"बसा तर खरं, कमरुद्दीनभाई. चहा सांगतो."

"चहा-बिहा खलास. सम्हाचा पाय मोडलाय."

सम्हा म्हणजे त्याच्या अरबाबाची, मालकाची, सतरा वर्षांची सांडणी. अरबाबाचं नाव अबू राशिद. तिची आई मेली तेव्हा त्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. सकाळी खड्ड्यात पडून तिचा पुढचा पाय मोडला. पाय मोडलेला उंट एकदा बसला तो बसलाच. मग अंगाला जखमा होतात आणि तो कुजत मरतो.

"डॉक्टर?" चारुदत्तने विचारलं.

"परवा येतो म्हणाला."

"मग सुरी..."

"अरे, बुढ्ढा जवळ गेला की ती उठायला बघते. त्या मोडक्या पायावर! सकाळपासून तीनदा उठली, तीनदा पडली. म्हणून लांबूनच करायचं. तिला त्याचा वासही येता कामा नये."

"तुम्हीच मारा ना मग."

"मी? मी कोंबडी कापताना डोळे मिटतो. आणि तो ऐकतोय कुठे! म्हणतो, कमर, दूध मैंने पिलाया, ये भी मैं करेगा. बस, एक गोली में होना चाहिए. एक वेळ होता की बाहेरच्या मुलखात जाऊन शिकार करायचा, नेम पक्का. आता हात बघ त्याचे. चहाचा पेला ओठाशी येईतो अर्धा धोतरावर. म्हणजे, त्या लांब झग्यावर, कंदुऱ्यावर."

चारुदत्तने दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या. एक मी. दुसरी जाड कॅनव्हासची, दोन कानांची पिशवी. त्या दोन कानांच्या मधे रायफल टेकवायची.

कमरुद्दीनने पिशवी उचलली. "ही रिकामीच?"

"रिकामीच येते. वाळू आपण भरायची."

"या मुलखात मी दुकानातून वाळूची पिशवी विकत नेऊ, तीपण वाळूशिवाय? अरबाब मलाच भरेल तिच्यात." मग त्याने मला उलटंसुलटं केलं. "तिवई माहीत आहे, तिला तीन पाय असतात. याचा तिसरा कुठे?"

"तिसरा पाय म्हणजे बंदूक धरणारा," चारुदत्त म्हणाला. हे त्याला त्याच क्षणी सुचलं असावं, कारण तो स्वतःच खूश झाला. त्याने मला फरशी पुसायच्या काठीला बसवलं, टाइल्सवर पालथा पडला, कोपऱ्यातल्या थर्मासवर नेम धरला आणि तोंडाने ठो केलं. काठी जराही हलली नाही. "बघा भाई. मेला थर्मास."

कमरुद्दीन बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. पिशवी चांगली की मी, हे त्याला कळत नव्हतं. चारुदत्तला कळत नव्हतं. खरं सांगू? मलाही कळत नव्हतं. पण मी चकाकत होतो, आणि ती पिशवी गरिबाच्या घरच्या उशीसारखी दिसत होती.

"यल्ला, दे हाच," कमरुद्दीन म्हणाला.

गोठ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सम्हा शंभर पावलांवर बसली होती, पाठ आमच्याकडे. वारा तिच्याकडून आमच्याकडे वाहत होता. अबू राशिद सतरंजीवर पालथा झाला. कमरुद्दीनने मला रायफलीला बसवलं आणि माझे पाय उघडून वाळूत टेकवले.

मित्रांनो, मी तोवर वाळूत कधी उभाच राहिलो नव्हतो. कारखान्यात सिमेंट, दुकानात टाइल्स. पीठ असावं तशी ती वाळू होती. म्हातारबाबांचे हात थरथरत, ती थरथर नळीतून माझ्यात उतरे, आणि प्रत्येक थरथरीबरोबर माझा उजवा पाय थोडा आणखी रुतत जाई. डावा मात्र तिथेच. नेम एका अंगाला कलत चालला होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

"सीधा है, कमर?"

"सीधा है, अरबाब," कमरुद्दीन म्हणाला. तो डोळे मिटून उभा होता.

गोळी सुटली. लागलीही, पण लागायला हवी होती तिथे नाही.

सम्हाने मान उंच केली. मग तिच्या घशातून जो आवाज आला तो मी तुम्हाला सांगणार नाही. म्हातारबाबांना राहवलं नाही. त्यांच्या तोंडून तिचं नाव निघून गेलं. ते तिने ऐकलं, आमच्याकडे वळून पाहिलं आणि ती उठायला लागली. त्यांच्याकडे यायला.

कमरुद्दीन धावत आला. मला काढून फेकायचं म्हणाला, पण माझ्या स्क्रूत वाळू गेली होती. तो फिरेना. त्याने नखांनी खरवडलं, दातांनी ओढून पाहिलं, मला आईवरून शिवी दिली. त्याचं मनगटी घड्याळ माझ्या अगदी समोर होतं. तिकडे ती उठत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. शेवटी स्क्रू सुटला आणि त्याने मला दूर भिरकावलं.

मग तो म्हाताऱ्याच्या पुढे, पाठमोरा, गुडघ्यांवर बसला. "अरबाब, इधर रखो," म्हणत त्याने रायफल ओढून उजव्या खांद्यावर घेतली. नळी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी गच्च धरली. कानांवर ठेवायला हात उरले नाहीत. या वेळी मात्र त्याने डोळे उघडे ठेवले.

ही गोळी जागेवर लागली. ज्या कामासाठी मला काचेच्या कपाटातून आणलं, ते श्रीवर्धनच्या एका माणसाच्या खांद्याने केलं.

पुढच्या शुक्रवारी कमरुद्दीन मला परत करायला दुकानात गेला. चारुदत्तने माझ्या सांध्यांत फुंकर मारली. "सॉरी भाई. मालकाचा नियम आहे. वाळू लागलेला माल परत घेत नाही."

"वाळवंटात?"

"वाळवंटात." मग त्याने हळूच विचारलं, "झालं ना पण नीट? एका गोळीत?"

"काय म्हणतोस? या बाजूने बोल." कमरुद्दीनने डावा कान पुढे केला.

चारुदत्तने पुन्हा विचारलं.

"हां. एकाच," कमरुद्दीन म्हणाला.

त्यानंतर माझी नोकरी म्हणाल तर अशी: दोन वर्षं गोठ्यावरच्या खिळ्याला लटकून ओले टॉवेल सांभाळले, एक वर्ष डिश अँटेनाला टेकू दिला. अबू राशिद दोन हजार एकमध्ये गेले. त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा रायफल हातात घेतली नव्हती. आता कमरुद्दीन त्यांच्या मुलाकडे, खलिफा सिटीतल्या बंगल्यावर, गाडी चालवतो आणि मी त्याच्या खोलीत पलंगाखाली असतो. मला का ठेवलंय, हे तो सांगत नाही. शुक्रवारी गावाहून मैमुनाबीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन येतो. तो चुकून उजव्या कानाला लावतो, काही वेळ नुसताच "हां, हां" म्हणतो, आणि मग कान बदलतो. ती विचारते, तुमचं लक्ष कुठे असतं?

मित्रांनो, वस्तूला तेल लावा, पुसून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच मागतो की जिथे आमच्याकडून काम घ्यायचं आहे, तिथे आधी आम्हाला एकदा उभं करून बघा. वाळूत तर वाळूत, चिखलात तर चिखलात. आम्ही नापास झालो तर फेकून द्या, राग नाही. या परीक्षेला फार वेळ लागत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गोळीच्या मधे कमरुद्दीनच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. ती चार मिनिटं आम्ही आधी दिली नाहीत, म्हणून सम्हाला द्यावी लागली.